अबोल यंत्राची चौकशी

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बनशंकरी नावाची विस्तीर्ण वस्ती आहे. तिच्या तिसऱ्या टप्प्यात, वर्तुळ मार्गाला लागून, पीईएस विद्यापीठाचे आवार आहे. या विद्यापीठाने आपल्या सहयोगी संस्थांसह तयार केलेला ‘पीआयसॅट’ नावाचा ५.२५ किलोग्रॅम वजनाचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी ‘पीएसएलव्ही-सी३५’ या अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून अवकाशात नेला. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी बांधलेला, सुमारे १० किलोग्रॅम वजनाचा ‘प्रथम’ हा उपग्रहही त्याच अग्निबाणावर होता. त्यापूर्वी तीन महिने, २२ जून २०१६ रोजी, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोग्रॅम वजनाचा उपग्रह अशाच रीतीने वर गेला होता.

हे उपग्रह विद्यार्थ्यांच्या अनेक वर्षांच्या श्रमाचे फळ होते. अशा उपग्रहाचे सारे व्यवहार त्याच्या पोटात बसविलेला एक छोटा संगणक पाहतो. अग्निबाणापासून तो सुटा झाला की त्यानंतर त्याला कोणाचाही हात लागू शकत नाही. जमिनीवरील केंद्राशी त्याचे नाते उरते ते केवळ रेडिओलहरींचे. ते नाते एखाद्या दिवशी तुटले, तर दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावयाचे? उपग्रहाच्या बाबतीत हा प्रश्न जितका बिकट आहे, तितकाच तो शेतावरील पंप, विजेचे मीटर किंवा तिकिटाचे यंत्र यांच्याही बाबतीत रोज उभा राहतो. त्याचे उत्तर देणारी पद्धत मात्र सर्वत्र एकच आहे.

यंत्राच्या पोटातील संगणक

संगणक म्हटला की पडदा आणि कळफलक डोळ्यांसमोर येतात. परंतु आज जगात जे संगणक आहेत, त्यांतील बहुसंख्यांना यांपैकी काहीच नसते. वीजमापक, रहदारीचे दिवे, रेल्वेस्थानकावर आपोआप उघडणारी फाटके, हवामानाची नोंद करणारी यंत्रे, मोटारगाड्या या सर्वांत असे संगणक दडलेले असतात. त्यांना अंतःस्थापित संगणक म्हणतात. एखादे ठराविक काम अहोरात्र करीत राहणे आणि त्याची वार्ता तारेने किंवा रेडिओने दुसऱ्या यंत्राला कळविणे, एवढाच त्यांचा धर्म.

ही वार्ता येईनाशी झाली म्हणजे चौकशी करणाऱ्याची स्थिती अर्भकाची प्रकृती तपासणाऱ्या वैद्यासारखी होते. रोग्याला बोलता येत नाही. कोठे दुखते हे तो सांगू शकत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, कारणे शेकडो असली तरी लक्षण एकच दिसते, ते म्हणजे मौन. वीज गेली तरी मौन, तार सैल झाली तरी मौन, पत्ता चुकला तरी मौन, आणि आज्ञावलीत गोंधळ झाला तरी मौनच. म्हणून मौनाकडे पाहून कारणाचा तर्क बांधणे व्यर्थ ठरते. मौनाचे तुकडे करून एकेक तुकडा तपासावा लागतो.

संदेशाचा जिना

दोन संगणकांमधील संभाषण हे एका जिन्यावर उभे असते. पहिली पायरी विजेची. दुसरी पायरी तारेची अथवा लहरीची. तिसरी पायरी तालाची. म्हणजे पाठविणारा ज्या वेगाने शून्य व एक ही चिन्हे सोडतो, त्याच वेगाने घेणाऱ्याने ती मोजली पाहिजेत. चौथी पायरी मांडणीची व पत्त्याची. चिन्हांची ओळ कोठे सुरू होते, कोठे संपते आणि ती कोणासाठी आहे, हे तेथे ठरते. पाचवी पायरी मार्गाची. मजकूर अनेक जाळ्यांतून जावयाचा असेल तर त्याला वाट माहीत हवी. सर्वांत वरची पायरी आज्ञावलीची, म्हणजे आलेल्या मजकुराचा अर्थ लावून उत्तर देणाऱ्या कार्यक्रमाची.

या जिन्याचा एक नियम आहे. खालची पायरी तुटली तर वरची कोणतीही उभी राहत नाही. उलट, वरची पायरी उभी असल्याचे सिद्ध झाले तर खालच्या सर्व पायऱ्या एकाच वेळी सिद्ध होतात. दोषशोधनाची सारी कला या साध्या नियमात साठविलेली आहे.

मेजावरील तपासणी

प्रयोगशाळेतील मेजावर एक संगणक-फलक आहे आणि तो जाळ्याशी बोलत नाही, अशी कल्पना करू. प्रथम वीज पाहावयाची. येथे व्होल्टमापकाने नुसता दाब मोजणे पुरेसे नाही. फलक बोलण्याचा प्रयत्न करीत असताना तो मोजला पाहिजे. रेडिओप्रेषक क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. वीजपुरवठा दुबळा असेल तर नेमक्या त्याच क्षणी दाब कोसळतो आणि संगणक नव्याने सुरू होतो. अशा यंत्राची वाचा बोलावयास तोंड उघडताच बसते, आणि अननुभवी माणूस दोष जाळ्याला देत बसतो.

मग तार. इथरनेटच्या जोडाजवळ बहुधा एक बारीक दिवा असतो. तो लागला असेल तर दोन्ही टोकांनी परस्परांची चाहूल घेतली आहे, एवढे निश्चित होते. मोटारगाड्यांत व कारखान्यांत ‘कॅन’ नावाची दोन तारांची वाहिनी वापरतात. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असावा लागतो. नाही तर विद्युत्संकेत टोकावर आपटून परत फिरतात आणि मागून येणाऱ्या संकेतांत मिसळतात. वीज बंद करून दोन तारांमधील रोध मोजला की प्रकृती कळते. ६० ओहम आले तर ठीक; १२० आले तर एक रोधक नाहीसा झाला आहे; ४० आले तर कोणीतरी तिसरा जोडून ठेवला आहे. एका आकड्याने इतके सांगणारी चाचणी वैद्यकातही क्वचितच आढळेल.

तिसऱ्या पायरीवर ताल. एक यंत्र सेकंदाला ९,६०० चिन्हे पाठवीत आहे आणि दुसरे त्याच्या दुप्पट वेगाने मोजीत आहे, असे झाले तर पडद्यावर अर्थहीन अक्षरांचा सडा पडतो. नवशिका त्याने खचतो. जाणत्याला मात्र ती शुभवार्ता वाटते. कारण वीज आहे, तार शाबूत आहे, समोरचे यंत्र बोलत आहे, हे सारे त्या निरर्थक अक्षरांनी सिद्ध केलेले असते. जुळवावयाचा राहिला तो केवळ वेग.

चौथ्या पायरीवर एक फसवा दोष भेटतो. एकच तयार आज्ञावली अनेक फलकांवर जशीच्या तशी उतरविली की कधी कधी दोन फलकांना एकच पत्ता मिळतो. टपाल कधी या घरी जाते, कधी त्या घरी. संबंध जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो. आणि तार हलविल्याने तो जुळला असा भास होतो. उपाय सोपा आहे. शेजारचा फलक काढून ठेवावा. त्याबरोबर उरलेला सुरळीत बोलू लागला, तर तारेचा काही अपराध नव्हता.

पाचव्या पायरीवर हाक देऊन पाहावयाचे असते. ‘पिंग’ नावाचा एक छोटा संदेश असतो. तो पोचला की समोरचे यंत्र तसाच परत धाडते. शेजारचे यंत्र उत्तर देते पण दूरचे देत नाही, तर बाहेर जाण्याचे द्वार चुकले आहे. दूरचे यंत्र अंकांच्या पत्त्याने सापडते पण नावाने सापडत नाही, तर नावांची सूची सांगणारे यंत्र चुकले आहे. लहान संदेश जातात पण मोठे वाटेत नाहीसे होतात, तर मार्गात कोठेतरी एवढे मोठे पुडके घेण्यास मनाई आहे. इथरनेटवर एका पुडक्यात साधारणतः १,५०० बाइट मजकूर मावतो. वाटेतील एखादा दुवा त्याहून कमी घेणारा असू शकतो.

शेवटच्या पायरीवरील एक दोष तर थक्क करणारा आहे. पुष्कळ लहान फलकांत वीज गेल्यावर चालत राहणारे घड्याळ नसते. ते जागे झाले की त्यांच्या लेखी १ जानेवारी १९७० हा दिवस असतो. गुप्ततेने बोलणारी यंत्रे एकमेकांची ओळखपत्रे तपासतात आणि त्या ओळखपत्रांवर मुदत लिहिलेली असते. १९७० सालात जगणाऱ्या फलकाला आजचे ओळखपत्र अजून अंमलात आलेले नाही असे वाटते आणि तो प्रामाणिकपणे संबंध नाकारतो. तार उत्तम, पत्ता बरोबर, मार्ग मोकळा; दोष आहे तो कालगणनेत.

आकाशातील चौदा मिनिटे

मेजावरचा फलक केव्हाही हाती घेता येतो. उपग्रहाची गोष्ट वेगळी. बनशंकरीतील विद्यापीठाच्या आवारात पीआयसॅटशी बोलण्यासाठी भूकेंद्र उभारण्यात आले. सुमारे ६८० किलोमीटर उंचीच्या कक्षेतील उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि ९८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतो. एका ठिकाणाच्या क्षितिजावर उगवून तो मावळेपर्यंत, अगदी डोक्यावरून गेला तरी, फार तर १४ मिनिटे मिळतात. पुष्कळ फेऱ्यांत त्याहून कमी मिळतात, आणि बहुतेक फेऱ्या तर त्या ठिकाणाहून दिसतच नाहीत.

त्या अल्प अवधीतही परिस्थिती क्षणोक्षणी पालटते. क्षितिजावर असताना उपग्रह सुमारे ३,००० किलोमीटर दूर असतो. डोक्यावर आला की ६८०. अंतर साडेचार पट घटले म्हणजे पोचणारी शक्ती सुमारे वीस पट वाढते. शिवाय आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढलेला आणि दूर जाताना उतरलेला वाटतो, तसेच रेडिओलहरींचेही होते. २,२०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर हा फरक उपग्रह उगवताना सुमारे ५० किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तितकाच खाली असतो. ग्राहकयंत्राने हा सरकता सूर धरून ठेवला नाही, तर पूर्ण निरोगी उपग्रहही मुका भासेल.

म्हणून उपग्रह उगवून काहीच ऐकू आले नाही, तर पहिली शंका स्वतःच्याच घरावर घ्यावी लागते. अँटेना योग्य दिशेने वळली होती काय? कक्षेचे आकडे ताजे होते काय? केंद्राचे घड्याळ बरोबर होते काय? यांची परीक्षा करण्याचा मार्गही सरळ आहे. त्याच अँटेनेने त्याच पट्ट्यातील एखादा परिचित उपग्रह ऐकावा. तो ऐकू आला तर भूकेंद्र निर्दोष. मग चौकशी वर न्यावी. त्यानंतर वाहक लहर शोधावी. ही लहर म्हणजे मजकूर वाहून नेणारी मूळ लहर. ती असेल तर उपग्रहात वीज आहे आणि प्रेषक जिवंत आहे. तीच नसेल तर मजकुराची चिंता करण्यात अर्थ नाही.

तीन प्रसंग

या पद्धतीचे मोल अवकाशसंशोधनाच्या इतिहासात अनेकदा दिसून आले आहे. तीन प्रसंग तीन निरनिराळ्या पायऱ्यांवरील आहेत.

पहिला प्रसंग तालाचा. शनीकडे निघालेल्या ‘कॅसिनी’ यानावर ‘हायगेन्स’ हे यान स्वार होते. टायटन या उपग्रहावर उतरताना त्याने कॅसिनीला वार्ता द्यावयाची आणि कॅसिनीने ती पृथ्वीला, अशी योजना होती. २००० साली, प्रवास चालू असताना, पृथ्वीवरून हायगेन्सच्या आवाजाची नक्कल करून चाचणी घेण्यात आली. तेव्हा असे आढळले की, वेगामुळे वाहक लहरीचा सूर बदलला तरी ती पकडली जाते. पण त्याच कारणाने चिन्हांचा तालही किंचित बदलतो आणि ग्राहकयंत्र तो सांभाळू शकत नाही. यंत्र बदलणे अशक्य होते. म्हणून यानाचा मार्गच बदलण्यात आला, जेणेकरून दोन यानांमधील सापेक्ष वेगाचा परिणाम कमी व्हावा. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स टायटनवर उतरले आणि त्याची वार्ता पोचली. तरीही त्याच दिवशी दोन मार्गांपैकी एक मार्ग निरुपयोगी ठरला. कारण कॅसिनीवरील त्याचे ग्राहकयंत्र सज्ज करण्याची आज्ञा यादीतून सुटली होती. निम्मी छायाचित्रे गमावली गेली. दुसरा मार्ग होता म्हणून मोहीम वाचली.

दुसरा प्रसंग मांडणीचा. १९७७ साली निघालेल्या ‘व्हॉयेजर १’ यानाकडून नोव्हेंबर २०२३ पासून अर्थहीन चिन्हे येऊ लागली. यान पृथ्वीपासून सुमारे २,४०० कोटी किलोमीटर दूर होते; संदेश पोचण्यास साडेबावीस तास आणि उत्तर येण्यास पुन्हा तितकेच. वाहक लहर येत होती, यान आज्ञाही स्वीकारीत होते. म्हणजे वीज, अँटेना, प्रेषक, ग्राहक हे सर्व निर्दोष. संशय उरला तो मजकुराची मांडणी करणाऱ्या संगणकावर. मार्च २०२४ मध्ये त्याला एक आज्ञा देऊन डिवचण्यात आले आणि उत्तरादाखल त्याच्या संपूर्ण स्मृतीची प्रत मिळाली. जुन्या प्रतीशी ती ताडून पाहता सुमारे ३ टक्के स्मृती बिघडलेली आढळली. दोष एका चकतीचा होता. तेथील आज्ञावलीचे तुकडे करून ते स्मृतीतील इतर रिकाम्या जागांत बसविण्यात आले. २० एप्रिल २०२४ रोजी यानाच्या प्रकृतीची सुवाच्य वार्ता पाच महिन्यांनी प्रथमच मिळाली.

तिसरा प्रसंग सर्वांत वरच्या पायरीचा. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेली ‘स्पिरिट’ ही गाडी त्या महिन्याच्या २१ तारखेला जवळजवळ अबोल झाली. त्या वेळी ऑस्ट्रेलियातील केंद्रावर वादळी हवा होती. साहजिकच पहिला संशय हवेवर गेला. तो खरा नव्हता. पुढे तुटक शिट्ट्या ऐकू आल्या, म्हणजे रेडिओ जिवंत होता. संगणक मात्र पुनःपुन्हा नव्याने सुरू होत होता. त्याच्या कायम स्मृतीत फायलींची इतकी गर्दी झाली होती की, जागे होताना त्यांची सूची करण्यासच कामचलाऊ स्मृती पुरेना. आणि ती पुरेना म्हणून तो पुन्हा नव्याने सुरू होई. रात्री झोपणे साधत नसल्याने विद्युत्घटही रिता होऊ लागला होता. ‘कायम स्मृतीकडे न पाहता जागा हो’ ही आज्ञा दिल्यावर तो स्थिर झाला. जुन्या फायली पुसण्यात आल्या आणि नव्वद दिवसांसाठी पाठविलेली ती गाडी पुढे २०१० च्या मार्चपर्यंत बोलत राहिली.

या तीनही प्रसंगी प्रथमदर्शनी तक्रार एकच होती, ती म्हणजे वार्ता नीट मिळत नाही किंवा मिळणार नाही. मुळाशी मात्र एकदा ताल होता, एकदा चकती होती, एकदा फायलींची गर्दी होती. तारा आणि अँटेना तपासण्यातच जो दिवस घालवितो, त्याला यांतील दोन कारणे कधीच सापडली नसती.

चौकशीचे नियम

अनुभवाने काही नियम सिद्ध झाले आहेत. पहिला नियम मध्यावर वार करण्याचा. संदेशाची वाट सोळा टप्प्यांची असेल आणि त्यांतील एकच सदोष असेल, तर एकामागून एक सर्व टप्पे तपासण्याची गरज नाही. आठव्या टप्प्यानंतर संदेश शाबूत आहे काय, एवढे पाहावे. निम्मी वाट निर्दोष ठरते. उरलेल्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावेत. चार चाचण्यांत सोळांतील एक सापडतो.

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल करावा. तार बदलली, पत्ता बदलला आणि नवी आज्ञावलीही घातली, मग यंत्र बोलू लागले, तर कशाने बोलू लागले हे कोणास कधी कळत नाही. आणि तोच दोष पुन्हा उद्भवला की चौकशी पहिल्यापासून करावी लागते.

तिसरा नियम, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये. या उपायाने यंत्र बहुधा बोलू लागते हे खरे. परंतु स्मृतीतील पुरावा त्याबरोबर पुसला जातो. आधी दिव्यांची स्थिती, शेवटचा संदेश आणि त्याची वेळ लिहून घ्यावी. मग कळ दाबावी.

बोलण्यास शिकविलेले यंत्र

दोष शोधण्याची सर्वांत चांगली वेळ तो घडण्यापूर्वीची असते. संगणक बांधतानाच त्याला आपली व्यथा सांगण्याची सोय करून द्यावी लागते. त्यासाठी एक पहारेकरी घड्याळ ठेवतात. ठराविक वेळात मुख्य कार्यक्रमाने त्याला ‘ठीक आहे’ असे कळविले नाही, तर ते संगणकास नव्याने सुरू करते. पण नुसते सुरू करणे पुरेसे नाही; कितव्यांदा आणि कशामुळे सुरू करावे लागले याची नोंद वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत राहिली पाहिजे. अनेकदा नव्याने सुरू व्हावे लागल्यास संगणकाने सर्व हौशी कामे सोडून, आज्ञा ऐकणे आणि प्रकृती सांगणे एवढीच दोन कामे करणाऱ्या छोट्या, निश्चित कार्यक्रमाकडे वळावे. उपग्रहावर याखेरीज एक बारीकसा संकेत सतत चालू ठेवण्याची प्रथा आहे. मुख्य वार्ता थांबली तरी तो संकेत ‘वीज आहे, प्रेषक आहे’ एवढी ग्वाही देत राहतो. मेजावरील फलकाच्या बारीक दिव्याचेच ते आकाशातील रूप होय.

या सर्व सोयींना पैसा, वजन आणि वीज लागते. आणि पाच किलोग्रॅमच्या उपग्रहात यांतील प्रत्येक गोष्ट तोलूनमापून घ्यावी लागते. तरी जो संगणक हाताबाहेर जाणार आहे, त्याच्यासाठी हा खर्च टाळता येत नाही. मुंबई, पुणे आणि बनशंकरी येथील विद्यार्थी-उपग्रहांच्या कामांतून मिळणारे एक मोठे शिक्षण हेच आहे. चौदा मिनिटांच्या फेरीत शंभर गोष्टी करून पाहण्यास अवकाश नसतो. त्या फेरीत उपग्रहाला एकच प्रश्न विचारावयाचा, उत्तर काहीही आले तरी ज्यातून काही निश्चित होईल असा. उत्तर टिपून घ्यावयाचे. आणि पुढच्या फेरीपर्यंत त्याचा विचार करावयाचा. ज्याला असा प्रश्न विचारता येतो, त्याला शेतावरील पंपाचे मौनही फार काळ फसवू शकत नाही.